तीन बोटं

"तोंड उघडा आणि स्वतःचीच तीन बोटं एकावर एक उभी आत घाला." गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या तोंड-तपासणीच्या शिबिरात माझं पहिलं वाक्य हेच असतं. निरोगी तोंडात ती सहज जातात. परवा शाळेच्या व्हरांड्यात बसलेल्या एका विशीतल्या गोंड मुलीची दीडच गेली. तक्रार एवढीच, "भाजी तिखट लागते जी."

गालाच्या आत मऊ लागायला हवं तिथे ताठ दोऱ्या हाताला लागल्या. रंग पांढुरका, आतून चुना फासल्यासारखा. कार्डावर लिहिलं: सबम्युकस फायब्रोसिस, म्हणजे तोंड आतून आवळत नेणारा आजार.

"खर्रा किती?"

"जास्त नाही जी, चारच." म्हणजे दिवसाला चार पुड्या.

ठेल्यावर सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून पार एकजीव होईपर्यंत घोटतात, तो खर्रा. लोक बोल लावतात तो तंबाखूला. कॅन्सरच्या बाबतीत ते खरंच आहे, पण तोंड आवळते ती सुपारी. तिच्यातल्या अरेकोलीन नावाच्या द्रव्यामुळे गालाखाली तंतू साचत जातात आणि खाणं सोडलं तरी जिरत नाहीत. त्यामुळे कुणी कौतुकाने "मी आता सादी सुपारीच खातो" म्हणालं की माझं डोकं फिरतं. नुसती सुपारीही कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच सांगितलंय. राज्यात गुटखाबंदी आली २०१२ मध्ये. खर्रा अजून डोळ्यांदेखत घोटला जातो.

"सोडून दे" म्हणाले, तर पोरगी हसली. भाताच्या रोवणीला मालक चहाबरोबर खर्रा वाटतो, पाहुण्यापुढे आधी पुडी येते. नाही म्हटलं तर 'मोठी शहाणी'. शिवाय चिखलात वाकून दिवस काढताना भूक मरते, हेही तिनेच सांगितलं. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. महिन्याने परत ये म्हटलं.

तेवढ्यात तिची आजी पुढे आली. नातीला तपासलं म्हणून कमरेच्या बटव्यातली तंबाखूची चिमूट तिने माझ्यापुढे धरली. जन्मभर तंबाखू-चुनाच खाल्ला म्हणे, ही पोरांची सुपारी दातांना झेपत नाही. तिलाही तोंड उघडायला लावलं. तिन्ही बोटं आरामात गेली, नातीकडे बघून मिश्कील हसलीसुद्धा.

मग मी खालचा ओठ उलटवला. चिमूट धरते तिथेच, रुपयाएवढा पांढरा चट्टा, एका कडेला लाल. गडचिरोलीच्या दवाखान्याची चिठ्ठी आधी तिची लिहिली.