तुम्ही विचारलंत म्हणून: शहाद्यात राहून अमेरिकेच्या बोर्डाची परीक्षा कशाला?

प्रश्न सगळ्यांचा एकच असतो, शब्द तेवढे वेगळे. नंदुरबारचा सर्जन मित्र म्हणतो, अरे आम्ही एकदा एमएस झालो ते कायमचे झालो आणि तू पन्नाशीला टेकला तरी रात्री एमसीक्यू सोडवत बसतो. मामेभाऊ सरळ विचारतो, दादा परत जायचा विचार आहे का. मिशिगनला माझ्यासोबत रेसिडेन्सी, म्हणजे तिथलं हॉस्पिटलमधलं डॉक्टरकीचं प्रशिक्षण, केलेले मित्र म्हणतात, आम्हाला इथलं हॉस्पिटल आणि इन्शुरन्सवाले विचारतात म्हणून आम्ही करतो, तुला तिकडे कोण विचारतंय? आणि आप्पा मला रात्री लॅपटॉपसमोर बघतात तेव्हा दारात उभे राहून म्हणतात, "भाऊ, तू आजून पेपरच दी राह्यना का?"

मी आतापर्यंत ज्याला जसं पटेल तसं सांगत आलो. सवय आहे, अपडेट राहायला बरं पडतं, वगैरे. त्यात खोटं काही नव्हतं पण पूर्ण पण नव्हतं, म्हणून आता एकदा लिहूनच टाकतो.

मी दरवर्षी कुठेतरी जाऊन पेपर देतो असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाहीये. इंटर्नल मेडिसिनचं अमेरिकन बोर्ड, म्हणजे फिजिशियनला तज्ज्ञ म्हणून सर्टिफिकेट देणाऱ्या तिथल्या संस्थेची परीक्षा, मी २०११ ला पास झालो. तिथे १९९० च्या आधी पास झालेल्यांचं सर्टिफिकेट आयुष्यभरासाठी आहे, नंतरच्यांचं दहा वर्षांचं. माझी मुदत कोविडमुळे थोडी पुढे गेली आणि तेवढ्यात २०२२ पासून दहा वर्षांच्या मोठ्या परीक्षेऐवजी दुसरा रस्ता निघाला: दर तिमाहीला ३० प्रश्न, पाच वर्षांत ६००, एका प्रश्नाला चार मिनिटं. पुस्तक उघडा, नेट बघा, चालतं, फक्त दुसऱ्या माणसाला विचारायचं नाही. उत्तर दिलं की लगेच स्क्रीनवर येतं बरोबर की चूक, आणि का. वर्षाला २२० डॉलर, म्हणजे अठरा-एकोणीस हजार रुपये, आणि माझी ओपीडीची फी ३०० रुपये आहे, हिशोब तुम्हीच करा. शिवाय पाच वर्षांत अभ्यासाचे १०० पॉइंट जमवायचे ते वेगळेच.

आणि इथे प्रॅक्टिस करायला त्यातलं काहीच लागत नाही. इथे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी लागते, ती दर पाच वर्षांनी रिन्यू होते आणि त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट लागतात. ते मी धुळ्या-नाशिकच्या सीएमईंना, म्हणजे डॉक्टरांसाठीच्या व्याख्यानांच्या कार्यक्रमांना, जाऊन पूर्ण करतो, आणि त्यातली काही भाषणं खरंच चांगली असतात, एका विषबाधेवरच्या लेक्चरची वही मी अजून ओपीडीत ठेवलीये. पण तिथे मला कोणी प्रश्न विचारत नाही. मी ऐकतो, सही करतो, जेवतो, घरी येतो.

आता जुनं काढतोच, कारण काही जणांना ते आठवतं आणि ते बरोबर त्यावरच बोट ठेवतात. २०१४ ला बोर्डाने नियम वाढवले, दहा वर्षांनी एकदा ऐवजी सतत काहीतरी करत राहा असं झालं, तेव्हा पॉल टायरस्टीन नावाच्या कॅलिफोर्नियातल्या कार्डिओलॉजिस्टने त्याविरुद्ध याचिका काढली आणि हजारो डॉक्टरांनी सह्या केल्या. त्यात माझी सही आहे. तेव्हा मी मित्रांना लांबलचक मेल लिहिलेत की परीक्षेने डॉक्टर चांगला होतो याचा पुरावा दाखवा, पेशंटच्या वेळेतून वेळ काढून हे कशासाठी, आणि सर्टिफिकेट टिकवायचे पैसे पुन्हा पुन्हा का. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत बोर्डाचे प्रमुख रिचर्ड बॅरन यांनी आमचं चुकलं म्हणून जाहीर माफी मागितली आणि काही अटी थांबवल्या. मग तू आता पैसे भरतोस ते कसं? तेव्हा मी चुकीचं बोलत होतो असं मला आजही वाटत नाही. तो पुरावा मला अजून पटेल असा मिळालेला नाही. त्यावेळच्या मला मी समोर बसवलं तर तो मला हरवेल, मुद्दे त्याच्याकडे जास्त आहेत. फक्त तो तेव्हा अशा हॉस्पिटलमध्ये काम करत होता जिथे दर आठवड्याला दहा डॉक्टर एका टेबलाभोवती बसून एकमेकांच्या केसेस उकरून काढायचे, आणि मी इथे वीस खाटांच्या हॉस्पिटलात एकटा फिजिशियन आहे. हे त्याला माहीत नव्हतं.

परत जायच्या प्रश्नाचं पण खरं सांगतो. हो, ते कारण होतं. २०१४ च्या शेवटी आप्पांना लकवा मारला म्हणून आलो, वर्षभर बघू म्हटलं, आणि ते वर्षभर कधी संपलंच नाही. बोर्ड चालू ठेवलं की दार उघडं आहे असं वाटायचं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर, लाईट गेलेली, बाहेर उष्माघाताचे तीन पेशंट आणि आयसीयूत दोनच बेड, अशा वेळी ते दार डोळ्यांसमोर यायचं. बायकोला हे माहीत होतं, तिने कधी बोलून दाखवलं नाही. आता मुलगी दहावीला आहे, आप्पा काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जातात, आणि मला नाही वाटत मी कुठे जाईन. तरी पूर्ण नाही म्हणवत नाही.

पण खरं कारण म्हणून मी स्वतःला जे सांगायचो ते वेगळंच होतं. इथे मला कोणी तू चुकला असं म्हणत नाही. पेशंट बरा झाला तर डॉक्टरमुळे, नाही झाला तर नशीब. नातेवाईक पाया पडतात, सिस्टर म्हणतात सर जे सांगतील ते. वर्षानुवर्षं हे ऐकलं की माणसाला आपण चुकतच नाही असं वाटायला लागतं, आणि फिजिशियनच्या बाबतीत ते फार घातक आहे. तो स्क्रीन मला लाल अक्षरात चूक म्हणतो. वर्षाला १२० वेळा कोणीतरी मला तपासतं. त्यातले कितीतरी प्रश्न इथे निरुपयोगी आहेत, लाइम डिसीजची गोचीड काय सातपुड्यात येणारे? पण चूक म्हणणारं कोणीतरी पाहिजे, हे माझं उत्तर होतं आणि मला ते अगदी पक्कं वाटायचं.

२०२२ च्या ऑक्टोबरपर्यंत.

त्या सप्टेंबरमध्ये मला एक प्रश्न आला होता. काय होता ते सांगायची परवानगी नसते, विषय सिकलसेल (रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात तो आनुवंशिक आजार) आणि छाती, एवढंच सांगतो. मी चार मिनिटांतली दीड पण घेतली नाही. बरोबर आलं. खाली स्पष्टीकरण होतं ते पण वाचलं नाही, कारण बरोबर आलं होतं आणि मिशिगनला मी असे पेशंट ढिगाने बघितले होते.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात धडगावच्या पलीकडच्या पाड्यावरून एक मुलगा आला, पावरा आदिवासी, एकोणीस वर्षांचा, गुजरातेत ऊसतोडीला जाऊन आलेला. पाच दिवस ताप, अंग प्रचंड दुखतंय, खोकला, छातीत कळ. संध्याकाळचे सात वाजले होते, बाहेर चाळीस माणसं, सगळीकडे डेंग्यू. प्लेटलेट ९० हजार. मी डेंग्यू लिहिलं. डेंग्यूचा एनएस१ निगेटिव्ह होता, मी म्हटलं पाचव्या दिवशी निगेटिव्ह येतोच. हिमोग्लोबिन ६.८ होतं, मी म्हटलं इकडे सगळ्यांचंच कमी असतं. पांढऱ्या पेशी १९ हजार होत्या, डेंग्यूत त्या कमी होतात हे थर्ड इयरच्या मुलाला पण माहीत असतं, त्यावर मी म्हटलं वरून बॅक्टेरियाचं इन्फेक्शन झालं असेल. प्रत्येक आकडा मला सांगत होता आणि प्रत्येकाला माझ्याकडे उत्तर तयार होतं. ऑक्सिजन ९४. सलाईन जोरात लावायला सांगितलं, अँटिबायोटिक दिलं आणि पुढचा पेशंट बोलावला.

नंदुरबार जिल्ह्यात बसून, सातपुड्यातल्या मुलाच्या अंगदुखीत मला सिकलसेल सुचला नाही. हे लिहिताना अजून हात थांबतो. भिल्ल-पावरा समाजात हा आजार किती आहे हे इथल्या आशाताईला पाठ आहे. पण मिशिगनला पेशंट आत येतानाच सांगायचा मला सिकल आहे, मागच्या वेळी अमुक औषधाने बरं वाटलं होतं, त्याची जाडजूड फाईल असायची. या मुलाला लहानपणापासून सांधे दुखायचे, लोक म्हणायचे थंडी बाधते. त्याच्याकडे ना कार्ड होतं ना फाईल, त्याची कधी तपासणीच झाली नव्हती. ते विचारायचं काम माझं होतं.

सकाळी सहाला सिस्टरचा फोन आला, ऑक्सिजन ८४. एक्स-रेत दोन्ही बाजू खाली पांढऱ्या. मी त्याच्या डोळ्यांत टॉर्च मारला, पिवळे होते, आदल्या संध्याकाळी पण असणारच. तेव्हा कुठे डोक्यात आलं. सिकलसेलच्या सोल्युबिलिटी टेस्टला दहा मिनिटं लागतात, पॉझिटिव्ह आली. सलाईन बंद केलं, जे मी रात्रभर त्याच्या फुप्फुसात ओतत होतो. रक्त देण्याआधी पक्क्या तपासणीचं सॅम्पल काढून ठेवलं, रक्तासाठी गाडी नंदुरबारला पळवली, एक बाटली चढवली आणि दुपारी अॅम्ब्युलन्सने नाशिकला पाठवलं. तिथे रक्त बदललं, चार दिवस व्हेंटिलेटर, अठरा दिवसांनी घरी. वाचला. बारा तास मात्र माझ्यामुळे गेले, आणि नाशिकच्या खर्चासाठी त्यांनी दोन बैल विकले. आधी ओळखलं असतं तर बैल राहिले असते का? कदाचित राहिले असते, कदाचित नसते.

पण खरं सांगायचंय ते पुढेच आहे. आमचा तेव्हाचा आरएमओ, म्हणजे हॉस्पिटलचा ड्युटी डॉक्टर, बीएएमएस, पोरगा धडगावचाच. आदल्या रात्री आठ-साडेआठला त्याने मला राऊंडमध्ये विचारलं होतं, सर, सिकलिंगची टेस्ट करून घ्यायची का? मी चालता चालता म्हटलं, आधी डेंग्यूचं बघू. एवढंच. तो बरं म्हणाला.

नंतर दोन-तीन दिवसांनी मी त्याला केबिनमध्ये बोलावलं आणि चूक माझी आहे हे सांगितलं, मग विचारलं की तुला वाटत होतं तर तू धरून का नाही बसलास, स्वतःच का नाही पाठवलंस सॅम्पल. तो बराच वेळ बोलला नाही. मग माझ्या मागच्या भिंतीकडे बघून म्हणाला, "सर, तुम्ही ती परीक्षा देता ना. मला वाटलं तुम्हाला माहीतच असेल."

मागे सर्टिफिकेटची फ्रेम होती.

म्हणजे मला चूक म्हणणारं इथे कोणी नाही हे जे मी सगळ्यांना आणि स्वतःला सांगत होतो ते खरं नव्हतं. होता एकजण, सहा फुटांवर उभा होता, आणि त्याला चूप करायला मला आवाज पण चढवावा लागला नाही. आदल्याच महिन्यात स्क्रीनने मला बरोबर म्हटलं होतं. आता यातून काय काढायचं सांगा. परीक्षा सोडली असती तर मला सिकलसेल आधी सुचला असता का? नाही. चालू होती म्हणून सुचला का? तेही नाही. सर्जन मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, झालं मग, बंद कर. मला ते पण पटत नाही, कारण आठ दिवसांनी मी ते न वाचलेलं स्पष्टीकरण उघडलं आणि सलाईन जपून द्या हे त्यात लिहिलेलं होतं, आणि त्यानंतर मी बरोबर आलेल्या प्रश्नांची स्पष्टीकरणं पण सगळी वाचतो.

इथे जे बदललं ते एवढंच. वरच्या डोंगरातल्या गावांतला कोणताही तापाचा किंवा अंगदुखीचा पेशंट आला आणि आधी तपासणी झालेली नसेल, तर सिकलिंग होतं, आणि ते पाठवायला आरएमओने किंवा सिस्टरने मला विचारायचं नाही. गेल्या वर्षी त्यात सिस्टरने दोन पकडले, मला दोन्ही वेळा रिपोर्टवरूनच कळलं. तो आरएमओ आता तळोद्याकडे स्वतःचा दवाखाना चालवतो, अडला की फोन करतो, मी पण करतो.

तो मुलगा दर महिन्याला सिकलसेलचं औषध हायड्रॉक्सियुरिया घ्यायला आणि रक्त तपासायला येतो. पहिल्यांदा आला तेव्हा आई सोबत होती, तिने आमचूरची पिशवी टेबलावर ठेवली आणि पावरीत काहीतरी म्हणाली. दिराने सांगितलं, म्हणतेय तुम्ही पोराला वाचवलं. मी पिशवी घेतली. आदल्या रात्रीचं सांगायचं होतं, सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही, आणि ती दर उन्हाळ्यात आमचूर पाठवते.

फ्रेम मी त्याच आठवड्यात काढून कपाटात ठेवली. फी दरवर्षी भरतोय. ६०० प्रश्न २०२६ च्या शेवटी पूर्ण होतील, पुढचं तेव्हा ठरवेन, आणि आप्पांना तोपर्यंत हो म्हणेन, चालूच आहे पेपर.