अफरवटचा साधा दिसणारा उतार

पन्हाळा-विशाळगडाच्या वाटांवर तयार झालेली आपली नजर बर्फात फसते. आपल्याला धाक असतो कड्याचा. काश्मीरमध्ये गुलमर्गजवळच्या अफरवट डोंगरावर समोर दिसतो तो रुंद, बिनधास्त उतरावा असा उतार, आणि घातक तोच. साठ अंशांच्या भिंतीवर बर्फ फारसा टिकत नाही, पडता पडताच घरंगळतो. ३० ते ४५ अंशांवर मात्र थरावर थर साचतात, आणि घट्ट झालेल्या थराची अख्खी लादी सुटते ती बहुतेक वेळा ३८ अंशांच्या आसपास. हा कोन नजरेने कळत नाही. काठी उतारावर टेकवायची आणि तिच्यावर मोबाइलमधला कोनमापक ठेवायचा.

कोल्हापूरहून दिल्ली, विमानाने श्रीनगर, तिथून टंगमर्ग. पुढचा गुलमर्गपर्यंतचा घाट चाकांना साखळ्या लावलेल्या गाडीतून. गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, दुसरा टप्पा जवळपास ३,९८० मीटरवर सोडतो. तिथे बांधलेल्या दोराच्या आत गस्तीपथकाचं लक्ष असतं, दोराबाहेर नाही. १ फेब्रुवारी २०२३ ला याच डोंगरावर हापतखुड भागात दोन पोलिश स्कीपटू हिमस्खलनात गेले.

उताराचं तोंड ज्या दिशेला, त्याच दिशेच्या एका छोट्या, सुरक्षित चढावर आम्ही बर्फाचे थर तपासायला खड्डा खणला. बर्फ जेमतेम ९० सेंटीमीटर. वरचे ६० वाऱ्याने आणून दाबलेले. फावड्याने थापटलं की पोकळ, ढोलासारखा आवाज. खालचे ३० बघून कुणाही कोल्हापूरकराला साखरच आठवेल, फक्त दाणा बाजारातल्या एम-३० प्रतीच्या साखरेपेक्षाही जाड. मुठीत कितीही दाबा, लाडू वळत नाही. हंगामाच्या सुरुवातीचा हा पातळ बर्फ. जमीन शून्याच्या आसपास, वर निरभ्र गारठलेल्या रात्री; त्या फरकामुळे वाफ वर सरकत राहते, कण मोठे होतात आणि एकमेकांना धरत नाहीत.

मग ९० सेंटीमीटर रुंद, ३० सेंटीमीटर आत असा खांब मोकळा केला. एका टोकाला फावड्याचं पातं ठेवून मनगटातून १० थापा, कोपरातून १०, खांद्यातून १०. चौदाव्या थापेला तडा दुसऱ्या टोकापर्यंत आरपार गेला. म्हणजे एक माणूस लादी सुरू करू शकतो, आणि ती पसरेलही. मुख्य उतार सोडून ३० अंशांपेक्षा कमी उताराच्या सोंडेवरून, एकेकाने अंतर ठेवून उतरलो. तडा गेला नसता तरी उतार सुरक्षित ठरला नसता, कारण दहा पावलांवर बर्फ वेगळा असू शकतो.

गाडल्या गेलेल्या माणसाला वाचवायला पहिली १० ते १५ मिनिटं. त्यानंतर आशा झपाट्याने घटते, म्हणून बाहेरून मदत येण्याची वाट बघण्यात अर्थ नाही. बीकन (गाडलेल्याचा माग देणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब सळई), फावडं प्रत्येकाकडे हवं. शोधताना मोबाइल बीकनपासून निदान ५० सेंटीमीटर लांब, नाहीतर आकडे भरकटतात. प्रोब उताराला काटकोनात, २५ सेंटीमीटरवर एकेक, गोल गोल बाहेर सरकत. प्रोब माणसाला लागला की तो तिथेच रोवून ठेवायचा.

चूक होते ती खणताना. घाईत सगळे प्रोबजवळ उभे राहून विहीर खणतात. कडा ढासळतात आणि वजन खालच्या माणसावर येतं. माणूस जितका खोल, त्याच्या दीडपट अंतर उताराच्या खालच्या अंगाला जाऊन तिथून आडवं शिरायचं.

हा सराव कोल्हापुरातही होतो. गुऱ्हाळावरच्या चिपाडाच्या ढिगात पोत्यात बीकन पुरून ठेवा, गुऱ्हाळवाल्याला आधी सांगून. चिपाड बर्फापेक्षा हलकं असतं, पण प्रोब पोत्याला लागल्यावर हाताला जाणवणारा तो मऊ अडथळा तिथे नीट ओळखता येतो.