मिल्खा सिंग यांचे घर

१८ जून २०२१ च्या रात्री चंदीगडमध्ये मिल्खा सिंग यांचे निधन झाले आणि दुसऱ्या दिवशी सर्वत्र रोम ऑलिंपिकमधल्या त्या शर्यतीचीच आठवण निघाली. ते स्वाभाविकही होते. मला मात्र त्या सकाळी राहून राहून निर्मल कौर आठवत होत्या. पाचच दिवस आधी, १३ जूनला, त्याच कोरोनाने त्यांचा बळी घेतला होता आणि स्वतः अतिदक्षता विभागात असलेल्या मिल्खा सिंग यांना पत्नीच्या अंत्यसंस्कारालाही जाता आले नव्हते. त्या उन्हाळ्यात आमच्याही घरी दोन खोल्यांची दारे बंद होती आणि ताट उंबऱ्याबाहेर ठेवून मागे फिरावे लागत होते. म्हणून ती बातमी माझ्या मनातून गेली नाही. धावपटू मिल्खा सिंग यांच्याविषयी भरपूर लिहिले गेले आहे. मला येथे त्यांच्यातील घरच्या माणसाविषयी लिहायचे आहे.

त्यांचे पहिले घर गोविंदपुऱ्यात होते, जे आता पाकिस्तानात आहे. फाळणीच्या कत्तलीत त्यांचे आईवडील आणि काही भावंडे मारली गेली. जीव वाचवून तो मुलगा दिल्लीला पोहोचला, निर्वासितांच्या छावणीत राहिला, काही काळ बहिणीच्या आश्रयाला होता. एकदा विनातिकीट रेल्वे प्रवासासाठी त्याची रवानगी तिहार तुरुंगात झाली, तेव्हा याच बहिणीने आपले दागिने विकून त्याला सोडवले. पुढच्या सगळ्या पदकांच्या मुळाशी मला हे दागिने दिसतात. घर जळून गेले, तरी भावासाठी दागिने विकणारी बहीण उरली होती, आणि वाईट मार्गाला लागण्याच्या विचारात असलेल्या या तरुणाला सैन्याकडे वळवणारा एक भाऊही उरला होता.

सैन्याने तीन वेळा नकार दिला. चौथ्या प्रयत्नात, १९५१ मध्ये, त्यांची भरती झाली आणि ते ईएमई या सैन्याच्या तांत्रिक दलाच्या सिकंदराबाद येथील केंद्रात दाखल झाले. (१९६५ च्या युद्धात जायबंदी होऊन १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळवणारे सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर हेही याच ईएमईचे जवान, हे मराठी वाचकाला सांगितलेच पाहिजे.) नव्या जवानांना सक्तीची असलेली क्रॉसकंट्री शर्यत मिल्खा सिंग धावले आणि सहावे आले. पहिल्या दहांत येणाऱ्याला रोज एक पेला दूध जास्तीचे मिळणार होते. त्या दुधासाठी आपण धावलो, असे ते पुढे मोकळेपणाने सांगत. खेळाची ओळख आपल्याला सैन्यानेच करून दिली, हेही ते कधी विसरले नाहीत. १९५८ मध्ये टोकियोच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी २०० आणि ४०० मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या, त्याच वर्षी कार्डिफला राष्ट्रकुल स्पर्धेत ४४० यार्डांचे सुवर्ण मिळवले आणि सैन्याने या शिपायाला ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर केले.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमधील ४०० मीटर शर्यतीविषयी थोडेच लिहितो. ज्या माल्कम स्पेन्सला त्यांनी कार्डिफमध्ये हरवले होते, त्यानेच सेकंदाच्या दहाव्या भागाने कांस्यपदक नेले. आईवडिलांच्या हत्येनंतरचे आयुष्यातील सर्वांत मोठे दुःख म्हणून मिल्खा सिंग या चौथ्या क्रमांकाचा उल्लेख करत. कोणाला ही तुलना अतिशयोक्त वाटेल, पण ज्याचे सर्वस्व एकदा हिरावले गेले आहे, त्याला दुसऱ्यांदा हातचे जाणे किती लागत असेल हे बाहेरच्याने ठरवू नये, असे मला वाटते.

निर्मल कौर या भारतीय महिला व्हॉलीबॉल संघाच्या कर्णधार होत्या. दोघांची पहिली भेट श्रीलंकेत झाली, जे तेव्हा सिलोन म्हणून ओळखले जाई, आणि १९६२ मध्ये त्यांचे लग्न झाले. त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत मिल्खा सिंग यांनी आणखी दोन सुवर्णपदके मिळवली. पुढे ते सैन्यातून पंजाब सरकारच्या सेवेत आले आणि क्रीडा संचालक झाले. निर्मलजींनीही पंजाबात महिलांच्या खेळांचे काम पाहिले. तीन मुली आणि एक मुलगा असे हे कुटुंब. मुलगा जीव याने गोल्फ निवडला. वडिलांना १९५९ मध्ये मिळालेली पद्मश्री त्याला २००७ मध्ये मिळाली. मिल्खा सिंग यांनी आपली पदके देशाला देऊन टाकली. ती पतियाळाच्या क्रीडा संग्रहालयात ठेवली गेली.

या सगळ्याहून मला मोठी वाटते ती १९९९ ची गोष्ट. कारगिल युद्धात टायगर हिलच्या लढाईत हवालदार बिक्रम सिंग यांना वीरमरण आले आणि मागे त्यांचा सात वर्षांचा मुलगा राहिला. मिल्खा सिंग तेव्हा सत्तरीला आले होते. स्वतःची मुले मोठी झालेली, सरकारी सेवाही संपलेली. अशा वयात या दांपत्याने त्या मुलाला दत्तक घेतले. नुसते पैसे पाठवूनही भागले असते आणि लोकांनी त्याचेही कौतुकच केले असते. त्यांनी मात्र एका जवानाच्या मुलाला आईवडील दिले. १९४७ मध्ये स्वतःचे वडील डोळ्यांदेखत गेले, तेव्हा मिल्खा सिंगही असेच पोरके झाले होते.