टूथफिशचं सर्टिफिकेट, पण घोडं अडलं आमिषावर

अंटार्क्टिकाच्या रॉस समुद्रात लाँगलाइनने, म्हणजे गळ लावलेल्या लांबलचक दोरीने, टूथफिश हा मोठा मासा धरणाऱ्या बोटीचं एमएससी सर्टिफिकेट (मासेमारी शाश्वत असल्याचा दाखला) नव्याने करायचं असेल, तर सगळ्यात आधी आमिषाच्या खरेदीची फाइल उघडा. हे मला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर खूप मनस्ताप वाचला असता, म्हणून लिहितेय. मी बोटीवर नसते, कंपनीत कागदपत्रांचं काम बघते. पाच वर्षांची मुदत संपत आली आणि फेरतपासणीची सगळी जबाबदारी माझ्याकडे आली.

टूथफिशच्या साठ्याचा भाग सरळ गेला. तिथे कॅमलर या अंटार्क्टिक समुद्रातली मासेमारी सांभाळणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे नियम इतके कडक आहेत की पुरावा आपोआप साठत जातो. बोटीवर ऑब्झर्व्हर असतातच. पकडलेल्या मालाच्या टनामागे किमान एक जिवंत टूथफिश टॅग लावून परत सोडावा लागतो. पक्ष्यांबद्दल मात्र एक लक्षात ठेवा. पक्ष्यांनी आमिषावर झडप घालू नये म्हणून लाइन रात्री सोडा असा सर्वसाधारण नियम आहे, पण तिथल्या उन्हाळ्यात रात्रच होत नाही. त्यामुळे लाइन सेकंदाला किमान 0.3 मीटर वेगाने बुडते हे चाचणी घेऊन दाखवावं लागतं. आमच्या खलाशांनी त्या नोंदी चोख ठेवल्या होत्या, तपासनिसाने एकही प्रश्न काढला नाही.

प्रश्न निघाला तो म्हाकुळाचा (स्क्विड), म्हणजे आम्ही गळाला लावतो त्या आमिषाचा. एमएससीच्या दुसऱ्या तत्त्वात बोटीचा इतर जीवांवर होणारा परिणाम बघतात, आणि बाहेरून विकत आणलेलं आमिषही त्यात धरतात. एखाद्या जातीचं वजन एकूण पकडीच्या 5 टक्के किंवा जास्त भरलं तर ती ‘मुख्य’ ठरते, सहज सावरू न शकणाऱ्या जातीसाठी ही मर्यादा 2 टक्के. मग त्या जातीच्या साठ्याची स्थिती काय, तिची मासेमारी कोण सांभाळतं, सगळं आपण दाखवायचं.

मी बोटीवरून खोक्याचा फोटो मागवला. लेबलवर होतं ‘गोठवलेला म्हाकूळ’, वजन, पॅकिंगची तारीख, आयातदाराचं नाव. बस्स. कुठली जात, कुठल्या समुद्रातली, कुठल्या देशाच्या बोटीने धरली, काहीच नाही. आमिषाच्या खोक्याला प्लास्टिकची पट्टी बांधायला कॅमलरची बंदी आहे आणि ती आम्ही काटेकोर पाळतो, पण खोक्यात नेमकं काय आहे हे कुणी विचारलंच नव्हतं.

पुरवठादाराला विचारलं तर उत्तर आलं, ‘इतकी वर्षं हाच माल देतोय.’ तगादा लावल्यावर लेटरहेडवर एक ओळ आली की माल शाश्वत स्रोतातला आहे. तपासनिसाने ते पत्र बाजूला ठेवलं आणि ते बरोबरच केलं. राग आला तो तपासणी संस्थेच्या पद्धतीचा. एका वेळी एकच प्रश्न. जातीचं नाव दिलं की गप्प, मग कित्येक आठवड्यांनी पकडीचं क्षेत्र विचारणार, तेही दिलं की पुन्हा रांगेत शेवटी. सगळे प्रश्न पहिल्याच दिवशी विचारले असते तर मी पुरवठादाराला एकदाच धरलं असतं. इकडे आमचे ग्राहक सर्टिफिकेट कधी विचारतायत, तिकडे बोट सुटायची तारीख जवळ येतेय.

शेवटी पॅकिंग करणाऱ्या कारखान्यापर्यंत पोचून कागद काढला. म्हाकूळ होता इलेक्स अर्जेंटिनस, नैऋत्य अटलांटिकमधला, आणि आमचा माल अर्जेंटिनाच्या हद्दीबाहेरच्या खुल्या समुद्रातला. तिथे शेकडो बोटी त्यावर तुटून पडतात आणि त्याच्या पकडीवर मर्यादा घालणारी कुठलीही प्रादेशिक संस्था नाही. हा प्राणी साधारण वर्षभरच जगतो, त्यामुळे साठा एका वर्षी भरपूर तर पुढच्या वर्षी गायब. आम्ही ध्रुवाजवळ एकेक मासा मोजतो, आणि त्याच गळाला मोजदाद नसलेला म्हाकूळ लावतो, हे मला खरंच खुपलं.

आमिषाच्या वजनाचा हिशोब आधीच करून ठेवा, हेही सांगायचं राहिलं होतं. कोल्डरूममधून किती काढलं आणि किती परत गेलं याची नोंद दर वेळी लाइन सोडताना लिहून घ्या. आमच्या बोटीवर ती होती म्हणून टक्केवारी सिद्ध करता आली. ती 5 च्या वर गेली, पण निदान अंदाजाने जास्तीची तरी धरली गेली नाही.

आमिषाच्या मुद्द्याला 100 पैकी 60 ते 80 च्या मधले गुण पडले. 60 च्या खाली गेलं की सर्टिफिकेट नाकारतात, मधे राहिलं की अट घालतात. तत्त्वाची सरासरी 80 च्या वर राहिली, म्हणून सर्टिफिकेट मिळालं. ईमेल वाचून मी खुर्चीत मागे टेकले. अट अशी, की ठरल्या मुदतीत व्यवस्थापन असलेल्या साठ्याचं आमिष आणायचं. कप्तान नाखूश आहेत, कारण म्हाकूळ चिवट असतो, गळावर टिकतो. या हंगामात काही लाइनवर दुसरं आमिष लावून बघायला ते तयार झालेत. पुरवठादार मात्र आम्ही बदललाय, आणि नव्या ऑर्डरमध्ये जात, क्षेत्र आणि बोटीचा झेंडा लेबलवर छापलेला नसेल तर माल परत, असं लिहून घेतलंय.