बाबांचे शंभर शेअर आणि विचेंत्साची बँक

माळ्यावरची ट्रंक आवरताना बाबांचं शेअर सर्टिफिकेट सापडलं. सदाशिव पेठेतल्या एका सहकारी बँकेचं, पन्नासचे शंभर शेअर. बाबांनी ते हौसेने घेतलेले नाहीत, ९८ साली घरासाठी दोन लाख कर्ज काढलं तेव्हा बँकेने अडीच टक्के म्हणजे पाच हजार शेअरपोटी कापून घेतले. सभासद झाल्याशिवाय कर्जच नाही ना.

हे सांगायचं कारण, गेले चार दिवस मी इटलीतल्या बांका पोपोलारे दी विचेंत्सा (पोपोलारे म्हणजे लोकांची, आपल्या सहकारी बँकेसारखी) या बँकेबद्दल वाचतोय आणि डोकं भणभणलंय. लुइजी लुत्साती नावाच्या गृहस्थाने १८६५ मध्ये मिलानमध्ये अशी बँक काढली, कारागीर-दुकानदारांची, शेअर कितीही असोत मत एकच (हा पुढे इटलीचा पंतप्रधानही झाला). पुढच्याच वर्षी विचेंत्साची निघाली. आपल्याकडच्या नागरी बँकांची मुळं शोधत गेलात तरी लुत्सातीचं नाव भेटतंच.

आता गंमत बघा. विचेंत्साचा शेअर बाजारात नव्हताच, त्याचा भाव दरवर्षी बँकच ठरवायची, आणि तो वाढत वाढत साडेबासष्ट युरोवर गेला. आपल्याकडे पन्नासचा शेअर परत केला तर पन्नासच मिळतात, त्यामुळे त्यात कोणी म्हातारपणाची पुंजी घालत नाही. तिथे घातली. लाखाहून जास्त सभासद, बरेचसे आपल्या बाबांसारखेच, आणि वर बँक काही लोकांना कर्ज द्यायची ते कशासाठी, तर तिचेच शेअर घ्यायला! म्हणजे भांडवल म्हणून दाखवलेला पैसा बँकेच्याच खिशातला, या खिशातून त्या खिशात.

२०१५ मध्ये सरकारने फर्मान काढलं की आठ अब्ज युरोहून जास्त मालमत्ता असलेल्या पोपोलारे बँकांनी रीतसर कंपनी व्हायचं, म्हणजे एक माणूस एक मत बंद, जितके शेअर तितकी मतं. विचेंत्सावाले बाजारात उतरायला गेले तर कोणी उभं करेना, शेवटी २०१६ मध्ये आतलांते नावाच्या फंडाने दहा सेंटने शेअर उचलले. साडेबासष्ट युरोचे दहा सेंट. जून २०१७ मध्ये बँक अवसायनात गेली आणि तिचा धडधाकट भाग, शेजारच्या व्हेनेतो बांकाच्या तशाच भागासकट, इंतेसा सानपाओलो या बड्या बँकेने एका युरोला घेतला. दोन्ही मिळून एक युरो. आपल्याकडे तेवढ्यात धड मिसळ येत नाही.

मला विचाराल तर एक माणूस एक मत या नियमाला दोष देण्यात अर्थ नाही, मत होतं पण भाव कसा ठरला हे विचारायला सभेत उठायचं कोणी. आमच्याकडेही वार्षिक सभेत अहवाल ‘वाचला असे समजून’ मंजूर होतो आणि बटाटेवड्याची रांग लागते, मी स्वतः त्या रांगेत उभा राहिलोय.

रात्री जेवताना बाबांना म्हटलं, कागदोपत्री तुम्ही बँकेचे मालक आहात बरं का. ते म्हणाले, "मालक? काल पासबुक छापायला गेलो तर मशीन बंद, परवा या म्हणाले."