कपाटाची किल्ली

शुक्रवार, रात्र

साडेनऊची गोळी झाली. चतकोर भाकरी, तिच्यावर लोणी, लोण्यात फिटची गोळी. खंड्यानं हुंगूनसुद्धा बघितली नाही. गट्ट केली आणि माझा तळवा चाटत बसला. आणि मला एकदम रडू फुटलं. हे बाहेर सोप्यात होते, बरं झालं.

सगळं त्या कपाटापायी.

वहिनी गावाला गेल्या की त्यांचं घर आणि हे कुत्रं सांभाळायला आम्ही इथं येऊन राहतो. ही तिसरी खेप. मागच्या दोन्ही वेळी किल्ली कपाटालाच लटकत असायची. "लागलं-सवरलं तर वरच्या खणात वाकळा आहेत हो ताई," असं वहिनी निघता निघता सांगायच्या. परवा रात्री पावसानं गारठा वाढला म्हणून वाकळ काढायला गेले, तर कपाट बंद. किल्ली नाही. मूठ दोनदा फिरवून बघितली, तिसऱ्यांदा हात लावायची मलाच लाज वाटली. घरात कुणी परकं नव्हतं, तरी मागं वळून बघितलं.

यांना सांगितलं तर म्हणाले, "पर्समधनं गेली असंल चुकून. तू उगंच डोक्यात घेऊन बसतीस." असेल गेली. मग पलंगाखालच्या ट्रंकेला नवंकोरं पितळी कुलूप कुठून आलं?

मागच्या खेपेला काय चुकलं, हेच दोन दिवस आठवतेय. लोणच्याची बरणी फुटली होती, ती त्याच दिवशी फोन करून सांगितली. शेजारचा पोरगा मोबाईल चार्ज करायला आत येऊन बसायचा, त्याला मी चहा द्यायची. ते आवडलं नसेल का? की चादरी वापरून, धुऊन, माझ्या पद्धतीनं घड्या घालून ठेवल्या, ते? आपल्या कपाटातली दुसरीच्या हातची घडी बाईला लगेच ओळखू येते. मला तरी येते.

कोल्हापुरातलं रमणमळ्याचं घर भाड्यानं दिल्यापासून आम्ही असेच लोकांची घरं आणि जनावरं सांभाळत फिरतोय. आजऱ्याला दहा कोंबड्या आणि एक मांजर. गगनबावड्याच्या बाजूला तर महिनाभर कपडे वाळलेच नाहीत, शेगडीवर धरून अंगात घालायचो. पन्हाळ्याच्या उतारावर बिबट्याचं भय, म्हणून दिवे लागायच्या आत कुत्रं घरात घ्यायचं. कोण जनावर कसं वागतं ते हळूहळू कळत गेलं. मालक गेल्यावर कुत्रं पहिल्या दिवशी जेवत नाही, त्याच्यामागं ताट घेऊन लागायचं नाही. मालकिणीचं नेसून जुनं झालेलं लुगडं अंथरुणात ठेवायचं, धुवायचं नाही. पावसाळ्यात रोज कानात आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड बघायची, चिमट्यानं अगदी कातडीलगत धरून सरळ ओढायची, पिळायची नाही. फिटची गोळी सकाळी साडेनऊ, रात्री साडेनऊ, बारा तासांचं अंतर चुकवायचं नाही. गोळी मध्येच चुकली तर पुन्हा झटका यायची भीती. या गोळीसाठी मी दोन लग्नं आणि एक बारसं सोडलंय. धाकटीच्या त्या वेळेलासुद्धा... जाऊ दे.

एवढं करून, कपाटाला कुलूप.

आज दिवसभर मनातल्या मनात वहिनींशी भांडले. तुमचा जीव की प्राण असलेलं कुत्रं आमच्या हवाली करता. देवघर मोकळं, धान्याची कणगी मोकळी, परड्यातली म्हैस शेजारच्या भरवशावर. मग त्या चार साड्यांनीच आमचं काय घोडं मारलं होतं? भांडून भांडून भाकऱ्या करपल्या. हे काही न बोलता तशाच खाऊन उठले.

संध्याकाळी तो शेजारचा पोरगाच सांगत आला, "मावशी, धरणाचा दरवाजा उघडला." राधानगरीचे सातही दरवाजे स्वयंचलित. तलाव भरला की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, एकेका दरवाज्यातनं १४२८ क्युसेक पाणी भोगावतीत येतं. इथं लोक बघायला जातात. आमच्या तोंडचं पाणी पळतं, कारण तेच पुढं पंचगंगेत जातं आणि पंचगंगा चढली की रमणमळ्यात शिरतं. यांनी लगेच फोन काढून पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघितली. ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका. आता त्या घरात भाडेकरू आहेत, तरी यांचा हात जायचा तिथंच जातो.

आणि मला २०२१ चा जुलै आठवला. २०१९ ला होरपळलो होतो, म्हणून त्या वेळी लवकर निघालो. घराची किल्ली समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंच्या हातात दिली. बावीस वर्षांचा शेजार. माझ्या बाळंतपणात त्यांनीच आळीव-डिंकाचे लाडू केले होते. पण घराची किल्ली द्यायच्या आधी मी आत जाऊन लोखंडी कपाटाला कुलूप घातलं आणि ती किल्ली कमरेला खोचली. काकूंवर संशय नव्हता. देवाशपथ नव्हता. हात आपोआप गेला.

रात्रीत पाणी चढलं. काकूंनी आणि त्यांच्या मुलानं गुडघाभर पाण्यातून आमची गादी, टीव्ही, देव, पीठाचा डबासुद्धा वर नेला. कपाट तेवढं राहिलं. आईचा शालू त्यात, लग्नाचा अल्बम त्यात. परत आलो तेव्हा फोटोंचा चिखल झाला होता. काकू एवढंच म्हणाल्या, "किल्ली असती तर तेवढं पण वर घेतलं असतं गं." यांना मी सांगितलं, किल्ली गडबडीत हरवली. आजवर तेच सांगत आलेय.

काकू त्यानंतरही तशाच बोलायच्या. दारात वाटी घेऊन यायच्या. त्यांना तेव्हा काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनात आज आला. इतक्या वर्षांनी, दुसरीच्या कपाटासमोर उभं राहून.

वहिनींच्या मनात काय होतं ते मला कळणार नाही. काही नसेलही. निघताना हात तिकडं गेला असेल, एवढंच.

दहा वाजले. लाईट गेलीय, मेणबत्तीवर लिहितेय. यांची शाल मी घेतलीय आणि यांनी दोन सदरे एकावर एक घातलेत. खंड्या उंबऱ्यात वहिनींच्या लुगड्यावर झोपलाय, झोपेत पाय हलतोय. फिट नाही, नुसता पळतोय.

उद्या सकाळी वहिनींना फोन करायचा. खंड्याच्या डाव्या कानात दोन गोचिडी निघाल्या, जखम नाही. मागच्या पडवीला गळतंय, तिथं बादली लावलीय. वाकळेचं काही विचारणार नाही. काकूंना मात्र फोन करायचाय.