वेव्हलेंग्थ सरकली? स्क्रूला हात लावायच्या आधी हे बघा

स्पेक्ट्रोफोटोमीटरचे (सॅम्पल कुठल्या वेव्हलेंग्थचा किती प्रकाश शोषतं ते मोजणारं मशीन) पीक, म्हणजे आलेखातले उंचवटे, जागेवर येईनात की बरेच जण थेट झाकण उघडून स्क्रू फिरवायला लागतात आणि मला ते बघून खरंच वाईट वाटतं, कारण आतला आरसा एकदा हलला की आधी तो कुठे होता हे कुणालाच सांगता येत नाही. झाकण बंद ठेवूनही खूप कळतं हो.

होल्मियम ऑक्साइडची काच (हिचे पीक कुठे येतात ते आधीच माहीत असतं) ठेवून स्कॅन घ्या, 361 आणि 536 नॅनोमीटरच्या आसपासचे पीक बघा. शिवाय ड्युटेरियम लॅम्पच्या 486.0 आणि 656.1 नॅनोमीटरच्या रेषा मशीनमध्ये आयत्याच मिळतात. सगळीकडे जवळपास सारखाच फरक येत असेल तर होम पोझिशन (मशीन जिथून वेव्हलेंग्थ मोजायला सुरुवात करतं ती जागा) सरकलीय, सेन्सरच्या खाचेत धूळ आहे का ते आधी बघायचं. फरक वेव्हलेंग्थबरोबर वाढत गेला तर संशय ग्रेटिंग (प्रकाशाचे रंग वेगळे करणारी बारीक रेघांची प्लेट) फिरवणाऱ्या आर्मवर किंवा त्या आर्मला हलवणाऱ्या लीड स्क्रूवर. दर वेळी वेगळाच आकडा आला तर मोटरच्या कपलिंगचा (मोटर आणि स्क्रू जोडणारा भाग) ग्रब स्क्रू, म्हणजे बिनडोक्याचा छोटा स्क्रू, ढिला, हे तर फारच कॉमन आहे.

वरून खाली येताना एक आणि खालून वर जाताना दुसरं रीडिंग, म्हणजे बॅकलॅश. थोडा बॅकलॅश असतोच, म्हणून मशीन नेहमी एकाच बाजूने त्या वेव्हलेंग्थवर येतं. पण जुनं ग्रीस घट्ट झालं की स्प्रिंगला आर्म ओढवत नाही, तो मध्येच अडकतो आणि मग सुटून उडी मारतो. अशा वेळी फक्त लीड स्क्रूवरचं ग्रीस आयसोप्रोपिलने पुसून नवीन अगदी पातळ थर द्यायचा. स्प्रे ऑइल आत मारू नका, प्लीज! त्याचा थर आरशांवर आणि ग्रेटिंगवर बसतो आणि यूव्ही एनर्जी (डिटेक्टरपर्यंत पोहोचणारा यूव्ही प्रकाश) जी कमी होते ती परत वाढत नाही. ग्रेटिंग तर पुसायचंच नाही, लेन्स पेपरनेसुद्धा नाही.

बेसलाइनला (सॅम्पल न ठेवता घेतलेल्या स्कॅनच्या रेघेला) 340-350 च्या आसपास पायरी दिसते का? तिथे बरीच मशीन ड्युटेरियम आणि टंगस्टन लॅम्पमध्ये अदलाबदल करतात, म्हणजे संशय लॅम्पच्या आरशावर. टंगस्टन लॅम्पवर 550 ला ठेवून सॅम्पलच्या जागी पांढरा कागद धरला की हिरवा ठिपका दिसतो, तो मध्यभागी आहे का बघा. नसेल तर त्या आरशाच्या स्क्रूच्या जागेवर आधी मार्करने खूण करा, मग अगदी थोडं थोडं फिरवत एनर्जी मॅक्सिमम करा. ड्युटेरियम चालू असेल तर यूव्ही गॉगल हवाच.

नंतर झाकण लावून, लॅम्प अर्धा तास तापू देऊन परत होल्मियम स्कॅन, आणि मशीन पूर्ण बंद करून चालू केल्यावर अजून एकदा. दोन्ही वेळा पीक तिथेच आले तरच मी ॲलाइनमेंट झाली म्हणते.